दसऱ्याचं ऑइल

आमच्या घरी गाडीचं इंजिन ऑइल वर्षातून दोनदा बदलायचं, दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला. मधल्या काळात गाडी किती पळाली हा प्रश्न बाबांच्या लेखी नव्हताच. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं स्वच्छ छापलेलं आहे. ते पान मी त्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच पुस्तक परत केलं.

"कंपनीले का माहीत, आपला दसरा कधी असते ते?" म्हणाले.

मी नालवाडीत वडिलांसोबत राहते. लग्न केलं नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि माझ्या फटकळपणाची तक्रार घरापासून कॉलेजपर्यंत सगळे करतात. तो मला बाबांकडून मिळाला आहे, पण ते कोणी बोलत नाही. बाबांचं बाजारात तेलाचं दुकान होतं, खायच्या तेलाचं. जवस, शेंगदाणा, सरकी. डब्यातून मापानं काढून सुटं तेल विकण्यात त्यांचा जन्म गेला. थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. पुढे पिशवीतलं तेल आलं, गिऱ्हाईक कमी होत गेलं, दुकान विकलं, आणि त्यानंतर घरात आली ती ही पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी गाडी. ती आली तेव्हाच जुनी होती.

गाडीला तेल कोणतं घालायचं यावर आमच्याकडे दर वेळी वाद व्हायचा. पुस्तकात पातळ ग्रेड सांगितलेली. आमचा मिस्तरी, नाक्यावर त्याचं छोटं गॅरेज आहे, तोही तेच म्हणायचा. बाबा त्याच्याकडून डबा उघडून घ्यायचे, बोट बुडवायचे, अंगठ्यावर घासायचे, हुंगायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"हे तं पाणी हाय पाणी."

"काकाजी, आजकालच्या इंजनले पातळच लागते."

"साऱ्या वर्ध्यानं माह्या हातचं तेल खाल्लं, अन् तू मले तेल शिकवून राह्यला?"

मिस्तरी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला बाहेर जायचा आणि परत येताना जाड तेलाचा डबा घेऊन यायचा. मी घरी येऊन आईसमोर चडफडायची. आई तांदूळ निवडत असायची. "घालू दे त्याईच्या मनानं," ती म्हणायची, "गाडी काई सांगाले येते का?" तिला माझा वैतागही नको असायचा आणि त्यांचाही. ती दोघांच्या मधे बसून खडे वेचायची.

आणि बाबांची ती फुशारकी! लग्नात, बारशात, शेजाऱ्याच्या फाटकाशी, कुठंही गाडीचा विषय निघाला की ते छाती पुढे काढून सांगायचे, "दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत माह्या गाडीनं कधी थेंबभर तेल मागतलं नाई. तेलाची पारख पायजे, पारख." पुलगावची माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, हे ऐकून मान डोलवायची. आईही डोलवायची. मी तेवढी उठून आत जायची.

आषाढात एका सकाळी आई चुलीशी उभी असताना खाली कोसळली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्या नाकात नळी होती. त्या नळीतून मोठ्या सिरिंजनं दूध, वरणाचं पाणी, पातळ पेज सोडायची. हे काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही. मला करू दिलं ते सुट्टीच्या दिवशी कधीतरी, आणि तेही त्यांच्या देखरेखीखाली. ते सिरिंज उंच धरून हळूहळू सोडायचे, डोळे त्या सिरिंजवरच्या रेघांवर. दुकानात माप धरायचे तसाच हात. तिच्या उशीवर कधी एक थेंब सांडला नाही. दवाखान्यात न्यायला-आणायला तीच गाडी होती, आणि तेव्हा त्या गाडीकडे बघायला कोणाला सवड होती?

गणपती उठले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली.

राख पवनारला नेली, धाम नदीत सोडली. तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घरात मी आणि बाबा असे दोघंच उरलो. तिची औषधं मी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हातारीसाठी देऊन टाकली. न उघडलेल्या सिरिंज आणि नळ्या मात्र कपाटाच्या खालच्या खणात तशाच पडून राहिल्या. त्या कोणाला द्यायच्या असतात, मला माहीत नव्हतं.

बाबा बोलेनासे झाले. जेवायला बसायचे आणि ताटावरून उठायचे. एकच गोष्ट ते रोज करायचे. सकाळी आंघोळ झाली की गाडी काढायची, पवनारला जायचं, आश्रमाच्या खालच्या बाजूला नदीच्या खडकांवर बसायचं आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. तिथं काय करता, असं मी एकदाच विचारलं. "काई नाई, बसतो," म्हणाले. घराबाहेर पडायचं त्यांचं तेवढंच निमित्त होतं. ते सुटलं तर हा माणूस खाटेवरून उठणार नाही, याची मला धास्ती होती. मला गाडी चालवता येत नाही, माझी आपली स्कूटी. त्यामुळे रोज सकाळी फाटकातून गाडी बाहेर पडल्याचा आवाज ऐकला की मला हायसं वाटायचं.

मग दसरा आला. घरात कोणी गेलं की आमच्यात वर्षभर सण करत नाहीत. तोरण नाही, गोडधोड नाही, गाडीला झेंडूचा हार नाही. आत्यानं आधीच फोन करून बजावलं होतं. "वर्षश्राद्ध होईस्तोवर काई करजो नको व. लोक काय म्हणतीन?" मला सणाचं काही नव्हतं. पण मी बाबांना म्हटलं, "पूजा नका करू, हार नका घालू, पण ऑइल बदलून घ्या. मिस्तरीला काय, कोणताही दिवस चालतो."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"दसरा नाई तं ऑइल कायचं?"

"बाबा, इंजिनाला सुतक नसतं!"

मी फार मोठ्यानं बोलले असणार, कारण शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला. बाबा मात्र चिडले नाहीत. पूर्वीचे बाबा असते तर माझ्याहून वर आवाज चढवला असता. ते फक्त म्हणाले, "तिच्याविना नाई बेटा. पुढच्या दसऱ्याले पाहू." त्यांनी भांडायचंसुद्धा सोडून दिलं होतं. भांडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं, गप्प माणसाशी येत नाही.

थंडीचे दिवस. संक्रांत तोंडावर आलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या. माझा तास सुरू व्हायच्या आधी बाबांचा फोन आला.

"बेटा, गाडी थांबली."

मी तास सोडून स्कूटीवर गेले. पवनारच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती आणि बाबा आत स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. बॉनेटच्या फटीतून जळका वास येत होता. स्टिअरिंगसमोरचा ऑइलचा लाल दिवा लागला नव्हता का, मी विचारलं. त्यांनी जरा विचार केला. "लागला असन. म्या पायलं नाई," म्हणाले. ते रोज त्या रस्त्यानं जात होते, पण समोर बघत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मिस्तरी दोरखंड घेऊन आला, गाडी ओढत गॅरेजला नेली. त्यानं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली, परत घालून काढली. कोरडी. टोकाला काळा चिकटा तेवढा होता. त्यानं पाना लावून इंजिन फिरवून बघितलं, ते तसूभरही हललं नाही.

"जाम झालं काकाजी. गेलं इंजन."

"असं कसं जाईन? मागच्या पाडव्याले तं भरलं होतं. माही गाडी मधात तेल पीत नाई."

मिस्तरीनं पट्टी परत जागी घातली. हात पुसत राहिला. मग बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अजून जोरात, जसं ते लग्नात म्हणायचे तसं, आणि मिस्तरीला बहुतेक राहवलं नाही.

"पीत होती काकाजी. पाच-सहा वर्षांपासून पीत होती. काकू भरत होती."



मग मिस्तरीनं सांगितलं ते असं. एका उन्हाळ्यात आईनं अंगणात कुरड्या वाळत घातल्या होत्या. बाबांनी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर निघून कुरड्यांवर यायचा आणि त्यांना वास लागायचा. भाजीला जाता-जाता ती गॅरेजशी थांबली आणि धूर निळा काऊन निघते, असं तिनं विचारलं. इंजिन तेल जाळतंय, मधे मधे भरावं लागेल, असं मिस्तरीनं सांगितल्यावर तिनं त्याला घरी बोलावलं, बाबा बँकेत गेले होते तेव्हा. पट्टी कशी बघायची, कुठून ओतायचं, सगळं शिकून घेतलं. तेव्हापासून ती दर महिन्याला भाजीच्या पिशवीत तेलाचा डबा न्यायची. जाड तेलाचाच. बाबा आंघोळीला गेले की बॉनेट उघडून भरायची.

"मले काऊन नाई सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"काकूनंच नाई म्हटलं होतं. म्हणे, त्याईले सांगजो नको. त्याईले लय गर्व हाय त्या गाडीचा, राहू दे."

"तिनं अंथरूण धरलं तवा तरी सांगाचं होतं न बे!"

"मले वाटलं, ताई भरत असन."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला इंजिनाला सुतक नसतं एवढंच माहीत होतं. आई दर महिन्याला बॉनेट उघडत होती आणि मी त्याच घरात राहत होते, मला त्याचा वाससुद्धा आला नव्हता. बाबा गॅरेजमधल्या उलट्या टायरवर बसले. बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होते, ज्या बोटांनी तेलाची पारख करायचे त्या.

घरी आल्यावर ते खाटेवर पडले ते पडलेच. पवनार संपलं. मी रिक्षा करून देते म्हटलं, स्कूटीवर नेते म्हटलं, नको. दाढी वाढली. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, शरीराला तसं काही झालेलं नाही. मला त्या डॉक्टरांचा राग आला, बाबांचा आला, आत्याचा आला. आणि सगळ्यात जास्त आईचा आला. एवढी वर्षं त्या माणसाचा गर्व कशाला सांभाळत बसलीस, एकदा सांगून टाकायचं होतंस, भांडण झालं असतं, मिटलं असतं. असं मी तिच्या फोटोला म्हणाले आणि मग रडले.

मिस्तरीनं नागपूरच्या भंगार बाजारातून एका अपघाती गाडीचं इंजिन मिळवलं. फारसं न चाललेलं, अगदी तरतरीत. होळीच्या सुमारास गाडी दारात येऊन उभी राहिली. बाबा खाटेवरून उठले नाहीत.

त्याच दिवसांत कोठीची खोली झाडताना मला तो डबा सापडला. देवाच्या दिव्यासाठीच्या तेलाच्या पिंपामागे, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. आत तळाशी थोडं तेल शिल्लक होतं. फडकं काळं पडलेलं, पण घडी व्यवस्थित. दिव्याच्या तेलामागे बाबा हात घालणार नाहीत हे तिला माहीत होतं. मी डबा नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, हुंगलं.

"जाड हाय," ते म्हणाले. "माह्या पसंतीचंच आणत होती."

दुसऱ्या दिवशी ते उठले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. ते डबा आणि फडकं घेऊन अंगणात गेले, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, फडक्यानं पुसली, परत घालून काढली आणि उन्हात धरली. तेल वरच्या खुणेला होतं. बॉनेट लावलं, आत आले, खाटेवर पडले. तिसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच. इंजिन चांगलं, गाडी जागची हलत नाही, तेल कमी व्हायचं कसं? तरी ते रोज डबा हातात घेऊन जायचे आणि तसाच परत आणायचे. मी एकदा चावी पुढे केली. "पवनारला जाऊन या ना," म्हटलं.

"कायले? गाडी काई मागत नाई."

आयुष्यभर ज्याचा डंका पिटला ते आता खरं झालं होतं, आणि त्यांना ते सोसवत नव्हतं. तिच्यासाठी एक घोटभर तेल ओतायचं त्यांच्या मनात होतं. गाडी त्यांना तेवढंही करू देत नव्हती.

मी काय केलं ते सांगते. एका दुपारी बाबा झोपले होते. मी कपाटाचा खालचा खण उघडला, आईच्या सिरिंजपैकी एक काढली, एक नळी काढली, आणि अंगणात जाऊन पट्टीच्या भोकातून नळी आत सोडली. दांडा ओढला. तेल हळूहळू वर आलं, मधासारखं, स्वच्छ.  आईच्या नाकातली नळी, बाबांचा उंच धरलेला हात, सगळं एकदम आठवलं आणि क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. पण मी ओढत राहिले. सिरिंज भरली की आईच्या डब्यात रिकामी करायची, पुन्हा ओढायची. पट्टीवर तेल खालच्या खुणेच्या थोडं वर आलं तेव्हा थांबले. फडक्यानं सगळं पुसलं, डबा जागेवर ठेवला.

सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरातच राहिले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला.  मग बाबांची हाक आली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी अशी हाक मारली होती.

"बेटा! इकडं ये न! पाह्य, गाडी तेल प्यायली!"

मी जाऊन पाहिलं. ते डबा तिरपा धरून तेल ओतत होते, बारीक धारेनं, डोळे धारेवर. एक थेंब सांडला नाही. डबा पहिल्यापेक्षा जड कसा लागतोय, हे त्यांनी विचारलं नाही. ओतून झाल्यावर त्यांनी लुगड्याच्या तुकड्यानं डब्याचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे चावी मागितली. जेवायच्या वेळेपर्यंत ते पवनारहून आले नाहीत, आणि मी फाटकाशी उभी राहून वाट बघताना घाबरून गेले होते, पण ते आले. आल्यावर जेवले.

तेव्हापासून हे चाललं आहे. मी दुपारी काढते, ते सकाळी भरतात. तेलानं नळी कडक होते, मग खणातून दुसरी घ्यावी लागते. तेच तेल.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि मागोमाग दसरा आला. बाबांनी स्वतः गाडी धुतली, झेंडूचा हार केला आणि ऑइल बदलायला मिस्तरीला घरी बोलावलं. आत्याही पुलगावहून आली होती. बाबा नवा कुर्ता घालून गाडीशेजारी उभे होते.

"ह्या गाडीले मधात मधात तेल भरा लागते बरं का," त्यांनी आत्याला सांगितलं. "पाहत राहा लागते. ही पाहत होती. आता मी पाहतो."

मिस्तरी गाडीखाली होता. तो बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानंच निवडून आणलेलं इंजिन, ते तेल पीत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? 

"भरा लागते काकाजी," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय."

बाबांनी मान डोलवली. नवं तेल ओतून झालं, आत्यानं नारळ फोडला, आणि बाबा आपट्याची पानं खिशात घालून पवनारला निघाले. एवढी पानं कोणासाठी, असं आत्यानं विचारलं तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली. गाडी वळणाआड गेल्यावर मी आत आले आणि कपाटाचा खालचा खण उघडून पाहिला. नळ्या आता फार उरलेल्या नाहीत.